दगडांतला कापूस



आपल्या भाषेंत दगड हा शब्द बहुधा दूषण म्हणूनच येतो. ज्याला समज नाहीं तो दगड. ज्याला दया नाहीं त्याचें काळीज दगडाचें. 'दगडापेक्षां वीट मऊ' या म्हणींत तर कठीणपणाची परमावधि म्हणून दगडच उभा केलेला आहे. आज मी ज्या दगडाविषयीं चार शब्द सांगणार आहें, तो मात्र या म्हणीला अपवाद आहे. तो विटेहून तर मऊ दिसतोच, पण पिंजलेल्या कापसाशेजारीं ठेवला तर कापूस कोणता आणि दगड कोणता, हें दुरून पाहणारास सांगतां येऊं नये. त्याचें नांव ओकेनाइट. आणि तो कोठें दूरदेशींच सांपडतो असें नव्हे. आपल्या मुंबईच्या खडकांतहि तो जन्मलेला आहे.

नभोवाणीवरून बोलणाराची अडचण अशी कीं, त्याला वस्तु हातांत घेऊन दाखवितां येत नाहीं. म्हणून आपण मनांत एक नारळ आणावा. करवंटीच्या जागीं काळा खडक आहे अशी कल्पना करावी. नारळ फोडल्यावर आंत जेथें खोबरें असावयाचें, तेथें गारेचें पातळ, निळसर पांढरें अस्तर आहे. आणि त्या अस्तरावर, पोकळीच्या आंतल्या बाजूस, बोराएवढे, सुपारीएवढे, क्वचित् लिंबाएवढे पांढरेशुभ्र गोंडे बसलेले आहेत. प्रत्येक गोंड्याच्या मध्यापासून केंसाहून बारीक असे असंख्य तंतु सर्व बाजूंनीं बाहेर पसरलेले आहेत. हें ओकेनाइट.

हा दगड मीं प्रथम पाहिला तो शिवाजी पार्कावरील आमच्या बिऱ्हाडांत, पन्नासएक वर्षांपूर्वीं. माझे एक मामा उपनगरांतल्या एका दगडाच्या खाणीवर हिशेब लिहिण्याचें काम करीत. एका रविवारीं ते वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेलें एक जड गांठोडें घेऊन आले, आणि "हात लावूं नकोस हो" असें मला बजावून त्यांनीं तें टेबलावर उघडलें. त्यांची पाठ वळतांच मीं अंगठा टेकला. हेतु वाईट नव्हता. खरोखरच कापूस आहे कीं काय, एवढेंच पाहावयाचें होतें. अंगठा उचलला तों त्या जागीं चपटा डाग पडलेला! कापूस दाबला तर पुनः फुलतो. हा फुलला नाहीं. तो दगड आजहि माझ्याजवळ आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याचा तो ठसाहि त्यावर आहे.

पुढें या विषयाचें थोडें वाचन झालें, तेव्हां त्या ठशाचा अर्थ कळला. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची एक दहा पायऱ्यांची शिडी आहे. तळाशीं संगजिरें, त्याचा आंकडा १. माथ्यावर हिरा, त्याचा आंकडा १०. ओकेनाइटाचा आंकडा साडेचार ते पांच भरतो. म्हणजे द्रव्य म्हणून पाहिलें तर तें संगमरवराहूनहि कठीण आहे. मग तें अंगठ्याखालीं चेपलें कसें? याचें उत्तर असें कीं, त्याचा मऊपणा द्रव्याचा नसून आकाराचा आहे. कांचेचा दांडा वांकवूं गेलें तर तो मोडतो. पण त्याच कांचेचा अतिसूक्ष्म धागा ओढला तर तो वांकतो, आणि अशा धाग्यांची लोंकर करतां येते. ओकेनाइटाचे स्फटिकहि असेच अत्यंत बारीक व चपट्या पात्यांसारखे असतात, म्हणून ते वांकतात. परंतु कापसाच्या धाग्यांत जी उसळी आहे ती त्यांत नाहीं. एकदां ते एकमेकांत गुंतून बसले म्हणजे पुनः उभे राहत नाहींत. शिवाय त्यांचें वजनहि फसवें नाहीं. त्यांचें द्रव्य पाण्याच्या सुमारें २.३ पट जड असतें.

आतां हें द्रव्य कशाचें झालें आहे तें पाहूं. ओकेनाइट म्हणजे चुना, सिलिका आणि पाणी या तिघांचाच संसार होय. सिलिका म्हणजे गारगोटीचा आणि वाळूचा मुख्य घटक. शंभर तोळे शुद्ध ओकेनाइट घेतलें, तर त्यांत सुमारें ५५ तोळे सिलिका, २८.५ तोळे चुना आणि १६.५ तोळे पाणी असतें. दगडाच्या वजनाचा सहावा हिस्सा पाणी, हें ऐकून नवल वाटेल. परंतु हें पाणी ओल्या फडक्यांतल्या पाण्यासारखें नव्हे. तें स्फटिकाच्या रचनेंतच अणूंच्या ओळींमध्यें बसविलेलें असतें. हाताला तें लागत नाहीं. दगड चांगला तापविला म्हणजेच तें बाहेर पडतें.

याच ठिकाणीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. महाराष्ट्राच्या काळ्या खडकांत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट अशीं सुंदर खनिजें सांपडतात. त्या कुळास झिओलाइट म्हणतात. ओकेनाइट त्यांच्या शेजारीं राहतें, म्हणून विक्रेते त्यालाहि झिओलाइटांच्या पंक्तीस बसवितात. पण झिओलाइट होण्यास ॲल्युमिनियम लागतें, आणि ओकेनाइटाच्या सूत्रांत तें मुळींच नाहीं. शेजार एक असला तरी कुळ निराळें.

तें कुळ कोणतें, हें सांगावयास मला खाणीपर्यंत जावें लागत नाहीं. घराची भिंत पुरते. सिमेंटमध्यें पाणी मिसळलें म्हणजे त्यांतील चुना व सिलिका यांचा पाण्याशीं संयोग होतो आणि कॅल्शियमचीं सजल सिलिकेटें तयार होतात. वाळू आणि खडी यांना घट्ट बांधून धरणारें द्रव्य मुख्यतः हेंच. ओकेनाइट हेंहि कॅल्शियमचें सजल सिलिकेटच आहे. शिवाजी पार्कचें मैदान नगरपालिकेनें १९२५ सालीं लोकांस खुलें केलें. १९२७ सालीं त्यास शिवाजी महाराजांचें नांव मिळालें. आणि त्यापुढील दहावीस वर्षांत त्याच्या भोंवतालीं सिमेंट-काँक्रीटचीं घरें उभीं राहिलीं. त्या काँक्रीटच्या पोटांत काळ्या दगडाची खडी आहे, आणि तिला धरून ठेवणारें कॅल्शियमचें सजल सिलिकेट आहे. खाणींतल्या पोकळींतहि हेंच जोडपें नांदतें. भेद इतकाच कीं, गवंड्यानें जें थोड्या दिवसांत केलें तें निसर्गानें फार सावकाश केलें, आणि सावकाश केल्यामुळें त्याचे स्फटिक झाले.

त्या स्फटिकांची आंतली रचनाहि विलक्षण आहे. बहुतेक सर्व सिलिकेट खनिजांत सिलिकॉनचा एक अणु आणि त्याच्या भोंवतीं ऑक्सिजनचे चार, अशी चौकडी असते. अभ्रकांत या चौकड्या एकमेकींस जोडून पत्रे बनतात, म्हणून अभ्रकाचे पापुद्रे निघतात. दुसऱ्या कित्येक खनिजांत त्यांच्या सांखळ्या बनतात. १९८३ सालीं पिसा येथील स्टेफानो मेर्लिनो या संशोधकानें ओकेनाइटाची रचना उलगडून दाखविली, तेव्हां असें दिसून आलें कीं, त्यांत पत्रे आणि सांखळ्या हीं दोन्हीं एकत्र नांदतात. एकाच सिलिकेटांत दोन्हीं असल्याचें हें पहिलेंच उदाहरण होतें. इतक्या जुन्या, ओळखीच्या खनिजानें आपलें गुपित इतकीं वर्षें जपून ठेवावें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

जुनें म्हणण्याचें कारण असें कीं, त्याचें बारसें १८२८ सालींच झालें होतें. ग्रीनलंडजवळच्या डिस्को बेटावरून आलेला नमुना म्यूनिकच्या फ्रान्झ फोन कोबेल यांनीं तपासला आणि लोरेन्झ ओकेन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाचें नांव त्यास दिलें. हा ओकेन मोठा बाणेदार गृहस्थ. 'आयसिस' नांवाचें नियतकालिक तो चालवी. त्यांतील राजकीय लेखनामुळें, नियतकालिक सोडा नाहीं तर येना विद्यापीठांतील अध्यापकाची जागा सोडा, अशी पाळी त्याच्यावर आली. १८१९ सालीं त्याची जागा गेली, नियतकालिक मात्र त्यानें सोडलें नाहीं. जर्मन शास्त्रज्ञांनीं वर्षांतून एकदां एकत्र जमावें ही प्रथाहि त्याच्याच खटपटीनें १८२२ सालीं सुरू झाली. अशा खंबीर माणसाचें नांव इतक्या नाजूक दगडास लाभावें, हा केवळ योगायोग होय.

ग्रीनलंड, आइसलंड, फेरो बेटें आणि आपला महाराष्ट्र, हीं ओकेनाइटाचीं ठिकाणें नकाशावर पाहिलीं तर त्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें वाटत नाहीं. एक बर्फाचा प्रदेश, दुसरा आपला उन्हाचा. पण सर्वांच्या पोटांत दगड एकच आहे: बेसाल्ट, म्हणजे आपला काळा फत्तर. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वाहूं लागला. थरावर थर बसत गेले. आज त्या थरांनीं व्यापलेला प्रदेश सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे, आणि महाबळेश्वराच्या बाजूस त्यांची जाडी हजार मीटरहून अधिक दिसते. सह्याद्रीचे कडे, वेरूळचें कैलास लेणें, आपल्या गडांचे बुरूज, हें सारें याच दगडांतलें.

शिलारस बाहेर येतो तेव्हां त्यांत वाफ व वायु कोंडलेले असतात. तव्यावर घावन टाकलें म्हणजे त्यास जशी जाळी पडते, तशी निवणाऱ्या शिलारसालाहि जाळी पडते. हे बुडबुडे तसेच थिजून राहतात आणि दगडांत पोकळ्या होतात. पुढें जमिनींतलें ऊन पाणी खडकाच्या भेगांतून हिंडूं लागतें. वाटेंत तें खडकांतली सिलिका आणि चुना विरघळवून घेतें, आणि पोकळींत शिरल्यावर, निवतां निवतां, तीं द्रव्यें तेथें ठेवून जातें. आधीं गारेचें अस्तर. मग कोठें गायरोलाइटाचे वाटोळे गोळे, कोठें ओकेनाइटाचे गोंडे, कोठें अपोफिलाइटाचे चकचकीत स्फटिक, कोठें कॅल्साइट. पोकळी पुरी भरून गेली तर नुसता पांढरा गोटा मिळतो. ती अर्धी रिकामी राहिली तरच तंतूंना वाढावयास जागा मिळते आणि हा कापूस फुलतो.

ऊन पाणी तर सगळ्याच दख्खनमध्यें हिंडलें. पुणें व नाशिक या भागांतूनहि ओकेनाइट मिळालेलें आहे. तथापि मुंबईच्या बाबतींत एक गोष्ट विशेष आहे. मुंबई व साष्टी येथील कित्येक थर सह्याद्रीच्या मुख्य थरांहून कांहींसे तरुण आहेत. त्यांचें वय सुमारें सव्वासहा कोटि वर्षें मानतात. आणि येथील शिलारसाचे कित्येक ओघ पाण्यांत उतरले होते. दोन थरांच्या मध्यें सांपडणाऱ्या गाळाच्या दगडांवरून येथें त्या काळीं उथळ तळीं होतीं असें दिसतें; वरळीच्या अशाच थरांत सांपडलेल्या चिमुकल्या बेडकांचें वर्णन रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं केलें होतें. शिलारस पाण्यांत उतरला म्हणजे तो एकसंध पसरत नाहीं. एकावर एक उशा रचाव्या तसे त्याचे गोळे होतात, आणि मधल्या जागेंत कांचेसारख्या दगडाचा चुरा भरतो. अशा ढिल्या खडकांत पाणी सहज फिरतें. येथील बेसाल्टांत मूळच्या चुन्याच्या जागीं कित्येक ठिकाणीं सोडा येऊन बसलेला आहे. हुसकलेला चुना पाण्याबरोबर निघाला, आणि पोकळ्यांत शिरून ओकेनाइट, गायरोलाइट, प्रेह्नाइट अशीं चुनेदार खनिजें झाला, असें त्याचें स्पष्टीकरण देतात.

मुंबईच्या या खनिजांची शास्त्रांत नोंद होण्यास तसा उशीरच झाला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रसायनज्ञ क्रिस्टी यांनीं मुंबईच्या गायरोलाइट व ओकेनाइट यांवर एक छोटा लेख प्रसिद्ध केला. पुढें आपल्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयांतील प्राध्यापक सुखेश्वाला यांनीं या बेसाल्टांचा दीर्घकाळ अभ्यास केला. पश्चिम भारताच्या काळ्या दगडांतील झिओलाइट व तत्सम खनिजें यांवरील त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख १९७४ सालीं इंग्लंडमधील खनिजशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकांत छापून आला. त्याच सुमारास संग्राहकांच्या जगांत कांदिवली आणि मालाड या आपल्या उपनगरांचीं नांवें दुमदुमूं लागलीं. आपल्याला तीं लोकलगाडीच्या थांब्यांचीं नांवें; परदेशांतल्या संग्राहकाला कांदिवली म्हणजे ओकेनाइट व गायरोलाइट, आणि मालाड म्हणजे प्रेह्नाइट!

पण त्या खाणी कोणीं ओकेनाइटासाठीं काढलेल्या नव्हत्या. त्या खडीसाठीं होत्या. मुंबई वाढत होती. रस्त्यांना खडी हवी होती, रुळांखालीं घालावयास खडी हवी होती, घरांच्या पायांना आणि काँक्रीटला खडी हवी होती. सुरुंग उडे, दगड कोसळे, आणि तो फोडण्याच्या यंत्रांत जाई. सुरुंगानें एखादी पोकळी उघडी पडली, आणि ती यंत्रांत जाण्यापूर्वीं कोणा वडाराच्या किंवा पाथरवटाच्या नजरेस पडली, तरच ती वांचे. कोट्यवधि वर्षें अंधारांत सुरक्षित राहिलेली वस्तु उजेडांत आल्यानंतर कांहीं घटकांतच तिचा निकाल लागे. शहर ज्या खडीवर उभें राहिलें, तींत असे किती गोंडे चुरून गेले असतील याचा हिशेब कोणाजवळहि नाहीं.

यावरून खाणवाल्यांना दोष देणें न्यायाचें होणार नाहीं, कारण खाण नसती तर ओकेनाइट दिसलेंच नसतें. तें उघडें करणारा आणि तें चुरडणारा सुरुंग एकच. मात्र आतां परिस्थिति पालटली आहे. मुंबईच्या उपनगरांतल्या बहुतेक जुन्या खाणी बंद झाल्या आहेत, आणि कित्येकांच्या जागीं वस्ती झाली आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी भोंवतालचा दगड फोडून नेला तरी उभी राहिली, म्हणून तिचे उभे खांब आज पाहावयास मिळतात. पण पोकळींतला कापूस कांहीं टेकडीसारखा जागेवर राखतां येत नाहीं. कांदिवलीचें ओकेनाइट आतां नव्यानें मिळणें दुरापास्त आहे. जें आहे तें घरोघरच्या कपाटांत आणि देशोदेशींच्या संग्रहालयांत आहे. आपल्याकडे सिन्नर येथील 'गारगोटी' संग्रहालयांत महाराष्ट्राचीं हीं खनिजें एकत्र मांडलेलीं आहेत. नाशिकच्या बाजूस जाणारानें तेथें अवश्य डोकवावें.

ज्यांच्याजवळ असा नमुना असेल, किंवा ज्यांना तो घ्यावयाचा असेल, त्यांच्यासाठीं अनुभवाच्या कांहीं सूचना सांगतों. पहिली ही कीं, ओकेनाइट स्वभावतः पांढरें असतें. क्वचित् त्यांत निळसर वा पिवळसर झांक असते. गुलाबी, जांभळे, गर्द निळे गोंडे बाजारांत दिसले, तर ते रंगांत बुडविलेले आहेत असें खुशाल समजावें. दुसरी सूचना ओळखीची. नॅट्रोलाइट, स्कोलेसाइट इत्यादि खनिजांच्याहि पांढऱ्या सुयांचे गुच्छ असतात. पण त्या सुया ताठ व ठिसूळ, त्या बोटाला टोंचतात व मोडतात. ओकेनाइटाचे तंतु वांकतात. मात्र ही परीक्षा कडेच्या एखाद्याच तंतूवर करावी. माझ्यासारखी अंगठ्यानें करूं नये. तिसरी सूचना, नमुना धुवूं नये आणि त्यावर कुंचलाहि फिरवूं नये. ओला झाला कीं तो भिजलेल्या मांजराच्या केंसांसारखा चिकटून बसतो. पेटींत ठेवतांना दगड बुडाशीं धरून पक्का बसवावा आणि गोंड्यांना कशाचाच स्पर्श होऊं देऊं नये. कापसाचा तर नाहींच, कारण कापसाचे धागे या तंतूंत अडकतात आणि सोडवूं गेलें म्हणजे दोन्हीं हातीं येतात. वर कांचेचें झांकण असावें, कारण धूळ बसली तर ती काढण्यास उपाय नाहीं.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची, आणि ती मला माझ्या दुसऱ्या एका चुकीनें शिकविली. मामांनीं तो दगड ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळून आणला होता, त्याच्या कोऱ्या कडेवर त्यांनीं पेन्सिलीनें खाणीचें नांव आणि तो कितव्या बाकावरून, म्हणजे खाणीच्या कोणत्या पायरीवरून निघाला, हें लिहून ठेवलें होतें. तो कागद मीं जपला नाहीं. दगड कपाटांत गेला आणि कागद रद्दींत गेला. मामा आतां नाहींत. त्यांच्या हाताखालच्या खाणीहि नाहींत. पुढें एका अभ्यासकानें माझा नमुना पाहून पहिला प्रश्न विचारला तो हाच कीं, हा कोठला? "मुंबईचा," याखेरीज मला कांहीं सांगतां आलें नाहीं. तो सभ्यपणें "छान आहे" म्हणाला, आणि त्यानें वही मिटली.

त्या वेळीं मला उमगलें कीं, अंगठ्याच्या ठशानें दगडाचें रूप थोडें बिघडलें, पण कागद गेल्यानें त्याची वाचाच गेली. कोणत्या थरांतला, कोणत्या खनिजांच्या सोबतीचा, किती खोलीवरचा, हें ठाऊक असेल तर एक नमुना एखाद्या पानाएवढी माहिती देतो. तें ठाऊक नसेल तर तो नुसता शोभेचा. खाण पुनः उघडून पाहण्याचा मार्ग जेथें उरलेला नाहीं, तेथें तर तो चार ओळींचा कागद हाच खाणीचा अवशेष होय.

म्हणून माझी विनंति एवढीच. मुंबईंत अशीं पुष्कळ जुनीं घरें असतील, जेथें आजोबांनीं किंवा काकांनीं आणलेला एखादा चमकदार अथवा कापूसभरला दगड फडताळांत पडून आहे. तो आज काढून पाहा. त्याला हात लावूं नका. पण तो आणणारें माणूस अजून हयात असेल, तर त्याच्यापाशीं बसा आणि विचारा कीं, हा कोठून आणला, केव्हां आणला, तेथें आणखी काय होतें. जें ऐकाल तें कागदावर लिहा आणि तो कागद दगडाच्याच पेटींत ठेवा. दगड आणखी कित्येक पिढ्या टिकेल. आठवण तितकी टिकत नाहीं.